बागेतील प्रश्न : पश्चिमेच्या भिंतीलगतचा वाफा

प्रश्न : आमच्या छत्रपती संभाजीनगर येथील घराच्या आवारात पश्चिमेच्या भिंतीलगत वीस फूट लांब व तीन फूट रुंद वाफा आहे. जमीन काळी आहे. जानेवारीत लावलेली पिटुनियाची रोपे रोज पाणी घालूनही एप्रिलच्या आरंभीच वाळली. आम्हा दोघांना अधूनमधून आठवडाभर बाहेरगावी जावे लागते आणि सुट्टीत लहान नातवंडे येथे असतात. कायम राहणारी, उन्हाळ्यात फुलणारी व फारशी देखभाल न लागणारी कोणती झाडे लावावीत? महामार्गाच्या दुभाजकावरील कण्हेर चालेल का?

उत्तर : पिटुनिया हे आपल्याकडे थंडीचे हंगामी फूल आहे. ऊन तापले की ते जाणारच, त्यात आपल्या हातून काही चुकलेले नाही. मात्र रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवय मोडावी, कारण अशाने मुळे वरच्या दोन इंचांतच राहतात आणि काळी जमीन भेगाळली की तीच प्रथम उघडी पडतात.

कण्हेरीइतके ऊन सोसणारे फुलझाड क्वचितच सापडेल, हे खरे. तथापि तिचे पान, फूल, खोड, चीक असे सारेच जहाल विषारी असते, इतके की छाटलेल्या फांद्या जाळल्यास त्यांचा धूरही बाधतो. घरात लहान मुले वावरणार असतील तर मी ती लावणार नाही.

तिच्या जागी भिंतीपासून दीड फूट अंतर सोडून बोगनवेलीची तीन झाडे लावावीत. सायंकाळनंतरही तापलेली भिंत उष्णता सोडत राहते, म्हणून हे अंतर आवश्यक आहे. मुळे एकदा खोल गेली की पाण्याचा ताण पडल्यावरच बोगनवेल अधिक बहरते, त्यामुळे आपले आठवडाभर बाहेर असणे तिच्या पथ्यावरच पडेल. (ज्यांना आपण फुले म्हणतो ती रंगीत पाने असतात, खरे फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरट नळी.) पावसाळा संपताच छाटून ती कमरेइतकी ठेवावी. काटे असतात, पण ती मागच्या रांगेत राहील.

पुढे सदाफुली लावावी, एकेक फुटावर आणि शक्यतो गावठी, पांढरी किंवा गुलाबी. रोपवाटिकेतील ठेंगण्या संकरित जाती दिसायला देखण्या असल्या तरी पावसाळ्यात पाणी साचताच त्यांची मुळे कुजतात, आणि काळ्या जमिनीत पाणी साचतेच. म्हणून मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून वाफा अर्धा फूट उंच करावा. दोनतीन वर्षांनी सदाफुली खालून उघडी, काटकुळी होते. तेव्हा जुने झाड काढून भोवती आपोआप उगवलेल्यांपैकी एखादे रोप तेथे राखावे. सदाफुलीही खाण्याची वस्तू नव्हे, हे नातवंडांना सांगून ठेवावे.

अबोलीचा मोह पुष्कळांना होतो. ती दुपारनंतर सावली मिळेल अशा पूर्वेच्या बाजूस लावावी; पश्चिमेच्या उन्हात तिची पाने करपतात.

लागवड आता करू नये. मे महिन्यात खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत, चांगला पाऊस झाल्यावर जूनअखेर रोपे लावावीत आणि दिवाळीनंतर बुंध्याभोवती वाळक्या पानांचा तीन इंच थर पसरावा. याचा अर्थ यंदाचा उन्हाळा फुलांविना जाईल, परंतु पावसाळा व हिवाळा असे दोन ऋतू मुळांना मिळाल्यावाचून पुढील एप्रिल ही झाडे सोसणार नाहीत. त्या वेळी आठवड्यातून दोनदा, खुरपे टोचले असता ओल वीतभर खाली लागेल इतके पाणी द्यावे. बाहेरगावी जाण्याच्या आदल्या सायंकाळी तर अवश्य द्यावे.

वाफ्याच्या पुढच्या कडेला गुलाबी पावसाळी लिलीचे कांदे चार-चार इंचांवर पुरावेत. उन्हाळाभर तेथे विशेष काही दिसणार नाही. वळवाची एखादी जोरदार सर येऊन गेली की चारपाच दिवसांत देठ वर येतील.