सर्व्हरवर ‘किपमी0’ ही प्रक्रिया सतत 100 टक्के सीपीयू का वापरते?

चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या टॉप या आदेशात दिसणारा ‘किपमी0’ हा लिनक्स कर्नलचा धागा (थ्रेड) असून, तापमान, पंखे व वीजपुरवठा यांवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमसी या स्वतंत्र नियंत्रकाशी तो संवाद साधतो. अनेक सर्व्हरांत या जोडणीला इंटरप्टची, म्हणजे उत्तर तयार होताच सीपीयूला स्वतःहून कळवण्याची, सोय नसल्यामुळे उत्तर आले की नाही हे त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहावे लागते, आणि त्यातच सीपीयू खर्च होतो. मात्र त्याची अग्रक्रम-पातळी सर्वांत खालची, म्हणजे नाइस 19, असल्याने तो मुख्यतः रिकामा वेळच वापरतो. म्हणून आकडा पाहून घाबरू नका, इतर कामे खरोखर मंदावली आहेत का ते आधी तपासा.

मर्यादा घालायची असल्यास या जोडणीचा ड्रायव्हर असलेल्या ‘आयपीएमआय_एसआय’ या कर्नल मॉड्यूलच्या ‘किपमीडी_मॅक्स_बिझी_यूएस’ या पॅरामीटरला 100 ते 500 मायक्रोसेकंदांच्या दरम्यानचे मूल्य द्यावे. सिसएफएस मधून, म्हणजे चालू कर्नलच्या सेटिंग्जच्या फाइलींतून, केलेला बदल लगेच लागू होतो, पण रीबूटनंतर टिकावा म्हणून तो मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या कॉन्फिगरेशनमध्येही लिहावा लागतो. यामुळे सेन्सरवाचन आणि विशेषतः बीएमसीचे फर्मवेअर अद्ययावत करणे संथ होऊ शकते.

भार पूर्वी नसून अचानक वाढला असेल, तर बीएमसीच अडकला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तेव्हा बीएमसीला आदेश देणाऱ्या ‘आयपीएमआयटूल’ने फक्त बीएमसीला कोल्ड रीसेट द्यावा, म्हणजे तो पूर्णपणे नव्याने सुरू करावा.