आराधनेसाठी कुठली गिटार घेऊ, असं विचारणाऱ्या पोरीला

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज मिळाला. पांढऱ्या रंगाची, सोनेरी कडांची, एफ-आकाराची छिद्रं असलेली ती मोठी पोकळ गिटार तुझ्या मनात भरलीय आणि चर्चच्या मंडळीतले तरुण म्हणतात साधी भरीव बॉडीची घे, म्हणून तू माझ्याकडे निवाडा मागतेस. आधीच सांगून टाकतो: तुझ्या आत्ताच्या कामाला पूर्ण पोकळ गिटार नको. भरीव घे, नाहीतर मधे लाकडी ठोकळा असलेली घे. कामून, ते सविस्तर लिहितो. नुसतं 'काका म्हणाले' एवढ्यावर कुणी पैसे घालू नयेत, त्यातून मंडळीने वर्गणी करून दिलेले तर नाहीच.

तू रविवारी समोर उभी राहतेस ती गिटार ऐकवायला नाही, गाणं उचलून द्यायला. जालन्याची मंडळी जुनी, मिशनरी नारायण शेषाद्रींनी जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्या एकोणिसाव्या शतकातली. गाणं इथल्यांच्या गळ्यात आधीपासून आहे, गिटार फार नंतर आली. त्यामुळे वाद्य निवडताना पहिला प्रश्न 'आवाज किती गोड' हा नसतो. तुझ्या शेजारी कोण वाजवतंय, कुठल्या जागेत, आणि स्पीकर तुझ्यापासून किती हातांवर आहे, हे आधी.

तू पाठवलेल्या व्हिडिओत नीट बघ. ती पांढरी गिटार, ग्रेच कंपनीची, बहुतेक वेळा मुख्य गाणाऱ्याच्या हातात नसतेच. बाजूला दुसरा एक जण ती वाजवतो, अँप (गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकर) कुठेतरी मागे झाकून ठेवलेला असतो, सगळ्यांच्या कानात आपापला आवाज ऐकायचे मॉनिटर असतात आणि ड्रमवाला कानात पडणारे लयीचे क्लिक-ठोके ऐकत वाजवतो. तो लखलखीत आवाज ग्रेचचे फिल्टरट्रॉन पिकअप, व्हॉक्स एसी30 जातीचा अँप आणि डिले, म्हणजे पडसाद पाडणारं पेडल, या तिघांचा मिळून आहे. एकटी गिटार विकत घेतलीस तर त्यातला एक हिस्साच घरी येणार. शिवाय तो तालात बांधलेला डिले ढोलकीबरोबर चालवून बघ एकदा! आपला ढोलकीवाला शेवटच्या कडव्याला रंगात येतो, लय चढते, आणि तुझ्या पेडलचे पडसाद मागच्याच लयीत रेंगाळत राहतात. मंडळीला कळत नाही टाळी कुठे द्यायची. यात ढोलकीवाल्याची चूक नाही, तशीच आपली गायकी आहे. लय चढली नाही तर शेवटचं कडवं झोपतं.

आता पोकळ आणि भरीव यांतला खरा फरक. पिकअप म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. ते स्टीलच्या तारांचं हलणं टिपतं, पोकळीतली हवा ऐकत नाही. पण पोकळ गिटारीचं वरचं पातळ लाकूड ढोलकीच्या पुडीसारखं हलतं. तारेची ताकद ते पटकन खाऊन टाकतं, म्हणून छेडल्याबरोबर आवाज फुलतो आणि लवकर विरतो. भरीव गिटारीत ती ताकद तारेतच राहते, स्वर लांबतो. हे झालं गुणाचं. दोष असा की तेच पातळ लाकूड स्पीकरच्या आवाजानेही हलतं. लाकूड तारांना हलवतं, तारा पिकअपला, पिकअप स्पीकरला, आणि हे चक्र सुरू झालं की घूं… म्हणून गिटार स्वतःच गायला लागते. यालाच फीडबॅक म्हणतात. मोठ्या पोकळ बॉडीत हे बहुधा 100 हर्ट्झच्या आसपास होतं. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या पट्टीवरचा, जी 98 हर्ट्झचा आणि पाचव्यावरचा ए 110 चा. म्हणजे तू रोज धरतेस त्याच कॉर्डच्या बुडाशी हा धोका बसलेला असतो.

हा त्रास जुना आहे. 1936 साली गिब्सन कंपनीने ईएस-150 काढली ती पूर्ण पोकळ होती. आवाज वाढवायची गरज पडू लागली तसा फीडबॅकही वाढला. 1940 च्या सुमारास गिटारवादक लेस पॉलने सरळ एका चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा चढवल्या आणि दिसायला बरं म्हणून दोन्ही बाजूंना गिटारीची अर्धी-अर्धी अंगं जोडली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरची टेलिकास्टर आणि गिब्सनची लेस पॉल या भरीव गिटारी बाजारात आल्या. मग 1958 मध्ये गिब्सनने ईएस-335 काढली: बाहेरून पोकळ, एफ-छिद्रांची, पण आत मधोमध मेपलचा ठोकळा. पिकअप आणि ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी) त्या ठोकळ्यावर बसतात, दोन्ही पंख तेवढे रिकामे. माझ्या मते मंडळीच्या कामाला याहून शहाणी रचना अजून निघालेली नाही.

दुकानात इथेच लोक फसतात, कारण ठोकळा बाहेरून दिसत नाही. एपिफोनची कसिनो अगदी 335 सारखी दिसते, पण आतून पूर्ण पोकळ आहे. आयबानेझच्या आर्टकोअर मालिकेत एएस अक्षरांच्या गिटारी ठोकळ्याच्या, एएफच्या पूर्ण पोकळ. ग्रेचच्या स्ट्रीमलायनर आणि इलेक्ट्रोमॅटिक मालिकांत दोन्ही प्रकार मिळतात आणि विकणारा पोरगा कधीकधी दोघींना 'सेमी हॉलोच आहे' म्हणून मोकळा होतो. मोबाइलची बॅटरी लावून एफ-छिद्रातून आत बघ. मधे लाकडाची भिंत दिसली पाहिजे. पलीकडच्या छिद्रातून उजेड आरपार आला तर ती तुझी नव्हे.

तुमचं चर्च दगडी, छत उंच. तिथे आवाज आधीच घुमतो, तेव्हा लवकर विरणारा पोकळ गिटारीचा स्वर खरंतर छान बसतो, हे मी नाकारत नाही. तू फक्त तिथेच वाजवणार असतीस, अँप दूर ठेवून, तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. पण बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते, डिसेंबरात बदनापूर-भोकरदनकडची गावं असतात, उन्हाळ्यात मांडवातली शिबिरं. मांडवात मॉनिटर नेमका तुझ्या पोटासमोर ठेवलेला असतो आणि मिक्सरवाल्याला सगळं 'फुल' हवं असतं. तिथे पोकळ गिटार घेऊन उभं राहायचं म्हणजे एक हात सतत तारांवर दाबून गाणं म्हणायचं. छिद्रांत स्पंज कोंबता येतो, मिक्सरवर खालचे स्वर कापणारं लो-कटचं बटण दाबता येतं, स्पीकरपासून अंग वळवून उभं राहता येतं. हे सगळं चालतं. पण लोकांकडे बघायचं, पुढचं कडवं सुचवायचं, पाळकांची खूण ओळखायची, आणि त्यात हेही सांभाळायचं? तुझं लक्ष तिकडे जाऊ नये असं मला वाटतं.

भरीव गिटारीलाही एक दुखणं आहे, आणि ते आपल्याकडे जास्त छळतं. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टरचे सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूची वीज ऐकतात. 50 हर्ट्झचा वीजपुरवठा, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, नाताळच्या माळा, लाइट गेली की स्वस्तातला इन्व्हर्टर, सगळ्यांची गुणगुण तुझ्या स्पीकरमधून येणार. प्रार्थनेच्या शांततेत ती फार बोचते. हमबकर पिकअपमध्ये दोन उलटी वेटोळी असतात, ती ही गुणगुण एकमेकांत मारून टाकतात. म्हणून भरीव घेतलीस तर निदान एक हमबकर असलेली घे. यामाहाची पॅसिफिका 112 व्ही बघ, तिला ब्रिजपाशी हमबकर आहे आणि नॉब वर ओढला की त्याचं सिंगल कॉइल होतं.

विजेवरून आठवलं, हे मात्र गंभीरपणे वाच. गिटारीच्या तारा ब्रिजमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँप एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या, अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. कधी नुसती झिणझिण, कधी जिवावरचा. अँप आणि मिक्सर एकाच तीन-पिनच्या बोर्डवर घ्यायचे, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं, तिसरी पिन तोडून प्लग बसवणाऱ्याला हात लावू द्यायचा नाही. माइकवर स्पंजचं टोपरं ठेव. गिटार कुठलीही घे, हे कर.

आता पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, बोलू. तुमच्याकडे जुनी गीतं काळी एक किंवा काळी दोनमध्ये उचलतात. पेटी तुझ्यासाठी सूर बदलणार नाही, तूच तिच्याकडे जायचंस. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे आकार, काळी दोनला पहिल्यावरच डीचे किंवा तिसऱ्यावर सीचे. पेटी 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसेल तर ट्यूनर तिच्यावर बेतून घे. आता तुझ्या त्या पांढऱ्या गिटारीला मागे बिग्सबीचा, स्वर थरथरवायचा, दांडा आहे. दिसतो देखणा, पण कापो चढव-उतर केली की सूर हलायची भीती, आणि तार तुटली तर नवी चढवायला मांडवाच्या अंधारात रडकुंडीला येशील. काही पोकळ गिटारींचा ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो आणि वरच्या फ्रेटचे सूर बिघडतात. अशी गिटार कधी हातात आलीच तर एकेक तार बदलायची.

आणि अभंगाच्या चालीची, रागाच्या अंगाने जाणारी गीतं असतात ना, तिथे दर मात्रेला कॉर्ड बदलू नको. सा आणि प धरून मानेकडच्या पिकअपवर, टोन जरा खाली करून, शांत वाजव. त्या वेळी भरीव गिटारीचा लांबणारा स्वर तंबोऱ्याचं काम करतो. तुला वाटतं तेवढी ती कोरडी नाही.

अंगाचंही बघ. मोठ्या पोकळ गिटारीची बॉडी 16-17 इंच रुंद असते, टेलिकास्टरची 13 च्या आत. तुझी चण लहान. तासभर उजवा खांदा वर उचलून वाजवलंस तर गळा आखडतो आणि गाण्यात ते ऐकू येतं. एसटीत तिची हार्डकेस कुठे ठेवशील, मोटारसायकलवर कशी नेशील, याचाही विचार कर. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गाडीत कुठलीच गिटार ठेवू नको. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात, मान वाकते. पोकळीचे सांधेही त्यात उघडू शकतात.

एफ-छिद्राचा मोह सुटतच नसेल तर टेलिकास्टर थिनलाइन बघ, हमबकरवाली. बॉडीची रचना 1968 पासूनची: टेलिकास्टरचीच, आत कोरलेली, मधला भाग भरीव. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडमध्ये परवडेल. नाहीतर आर्टकोअरची एएस. ती रुंद आहे, पण जाडीला कमी. दोन्ही खांद्याला लावून, उभं राहून, गाऊन बघ. दुकानात बसून वाजवलेलं धरू नको. तिथल्या अँपचा आवाज तुमच्या चर्चइतका वाढव, गिटार स्पीकरकडे तोंड करून धर आणि जाड तारेवरचा जी वाजवून तसाच सोड. काय होतं ते मला कळव. संभाजीनगरला येणार असशील तर शनिवारी दुपारनंतर ये, मी दुकानात बरोबर येतो. तुमची पेटी कुठल्या सुरावर आहे ते ट्यूनरवर बघून ये, आणि तुझा नेहमीचा कापो आण.

तुझा,
काका