मोरोक्कोचा ‘समुद्री डायनासोरचा दात’ खरा आहे का, हे घरी कसं ओळखायचं?

पुण्यातल्या एका खनिज-प्रदर्शनातून तुम्ही ‘मोरोक्कोच्या समुद्री डायनासोरचा दात’ घेतलात. तो खरा आहे का, कुणाचा आहे आणि आपल्याकडे असे दात सापडतात का, असं विचारलंय. फोटो दिलेला नाही, म्हणून काय बघायचं ते सांगतो.

दातापेक्षा आधी ठिकाण बघावं. मोरोक्कोतून बाजारात येणारे असे बहुतेक दात खुरिबगा भागातल्या फॉस्फेटच्या खाणींतले असतात. ज्या थरांत हे समुद्री सरीसृप (सरपटणारे प्राणी) मिळतात ते क्रिटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरचे, साधारण ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे इक्थिओसॉर, हा डॉल्फिनसारख्या आकाराचा समुद्री सरीसृप, बाद. तो वंश त्याच्या बराच आधी संपला होता. राहिले मोसासॉर (समुद्रात राहणारे मोठे सरडे), प्लेसिओसॉर (वल्ह्यांसारखे पाय असलेले समुद्री सरीसृप), मगरी आणि मासे. यातला मोसासॉर डायनासोर नव्हेच, त्याची भावकी घोरपडीशी आणि सापांशी.

आता भिंग घ्या. मोसासॉरचा दात बहुधा जाड, शंकूच्या आकाराचा, जरासा मागे वळलेला. टोकापासून खाली उतरणाऱ्या दोन धारा नख फिरवलं तरी लागतात. काही जातींत या धारांच्या एका बाजूला दात चपटा आणि दुसऱ्या बाजूला गोलसर असतो. प्लेसिओसॉरचा दात सडपातळ, लांब. आडवा छेद जवळजवळ गोल आणि इनॅमलवर, म्हणजे दाताच्या चकचकीत बाहेरच्या थरावर, उभ्या बारीक रेघा. एन्कोडस या माशाचा लांब सुळाही कधीकधी सरीसृपाचा म्हणून खपवतात, तो चपटा असतो. ग्लोबिडेन्स या मोसासॉरचे दात मात्र अळंबीच्या टोपीसारखे बुटके, कवचं फोडायला.

खरी मेख मुळाशी असते. मोसासॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. पडलेल्या दाताला मूळ उरत नाही, बुडाशी पोकळी दिसते. म्हणून स्वस्तात अख्ख्या मुळासकट दात मिळाला, तर जोड नीट तपासा. अस्सल मूळ फुगीर, सच्छिद्र हाडासारखं असतं. बनावटीत वरचा दात खरा आणि खालचा भाग वाळू-गोंदाचा, असं सर्रास चालतं. अंधारात अतिनील टॉर्च मारलात तर गोंद बरेचदा वेगळा चमकतो. इनॅमलवर उभ्या बारीक भेगा असतील तर घाबरू नका, इतक्या जुन्या दाताला त्या असायच्याच.

पुण्याच्या आसपास असा दात सापडणार नाही. आपल्या पायाखाली लाव्हाचा बेसॉल्ट आहे. वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट हे निळं खनिज मिळेल, समुद्री प्राणी नाही. भारतातला सुंदर नमुना कच्छचा: लोडाई गावाजवळ मिळालेला, सुमारे साडेपाच मीटर लांबीचा जुरासिक (क्रिटेशसच्या आधीच्या कालखंडातला) इक्थिओसॉर, २०१७ साली प्रसिद्ध झालेला.

दात कोरड्या मऊ ब्रशनेच पुसा, लिंबू-व्हिनेगर लावू नका. बुडाचा आणि दोन्ही धारांचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, इथे टाकलात तर गट तरी नक्की सांगता येईल.