सर्व्हिसिंगनंतर जुन्या क्वार्ट्झ घड्याळाची डायल बदललेली आढळली, ही फसवणूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं ऐंशीच्या दशकातलं सेको क्वार्ट्झ फोर्टमध्ये सर्व्हिसिंगला टाकलं, ते चकचकीत नव्या डायलसह परत आलं आणि विचारल्यावर "जुनी खराब झाली होती" एवढंच सांगितलं गेलं.

बाकीचं नंतर वाचा, आधी दुकानात जाऊन जुनी डायल मागून आणा. काटे बदलले असतील तर तेही आणा. डाग पडलेले असोत की रंग उडालेला, ती डायल तुमच्या मालकीची आहे आणि अशी दुसरी सहजासहजी मिळत नाही.

फसवणूक म्हणायची की नाही, ते कोणती डायल बसवली यावर आहे. कंपनीची सुटी डायल असेल तर उत्तमच, पण इतक्या जुन्या मॉडेलची ती क्वचितच सापडते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या घड्याळातून काढलेली असेल, तर मी तिला वाईट म्हणणार नाही. मात्र आपल्याकडे सर्रास होतं ते जुनीच डायल घासून, रंगवून, तिच्यावर नवी अक्षरं छापण्याचं काम. जगभरच्या संग्राहकांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. इथे इतके हुशार कारागीर असताना शहराचं नाव असं घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओळखायला दहापट भिंगाचा लूप पुरतो. कंपनीच्या छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात. रंगवलेल्या डायलवर त्या पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाड येतात, तारखेच्या खिडकीच्या काठावर रंगाचा थर चढलेला असतो. मग ६ च्या खाली, अगदी कडेला पाहा. सेकोच्या डायलवर तिथे बारीक अक्षरांत कोड असतो, कधी तो केसच्या कडेखाली झाकलेला असतो. त्याचे पहिले चार आकडे मशीनचे, म्हणजे ७५४६ वगैरे, आणि ते सहसा मागच्या झाकणावरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळतात. पुढचे आकडे वेगळे निघाले तर घाबरू नका, केसचा आणि डायलचा नंबर वेगळा असू शकतो. रंगवणारे हा कोड बहुधा गाळतात किंवा चुकीचा छापतात.

क्वार्ट्झमध्ये आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी: मशीन. जुन्या मशीनची कॉइल किंवा सर्किट गेलं, सेल गळून गंज चढला, की बरेच जण सरळ नवं स्वस्त मशीन टाकतात. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात, ते ठरावीक मशीनच्याच भोकांत बसतात. मशीन बदललं की पाय कापून डायल चिकटवतात. ती जराशी फिरून बसली, तर सेकंदकाटा सगळीकडे रेघेपासून सारख्याच अंतरावर थांबतो. तारीखही खिडकीच्या मधोमध येत नाही. मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि मशीनवर कोणता नंबर आहे तो वाचा.

रबर बदललं का, हेही विचारा. चावीचं आणि झाकणाचं रबर वयानं कडक होतं, पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि डायलच्या लाखेवर ठिपके पडतात. तेच रबर राहिलं असेल, तर ही नवी डायलही टिकणार नाही.

पाय शाबूत असतील आणि मूळ मशीन जागेवर असेल, तर जुनी डायल परत बसवता येते. मी तुमच्या जागी असतो तर डागांसकट तीच बसवली असती; संग्राहकही रंगवलेलीपेक्षा डागाळलेल्या मूळ डायललाच जास्त किंमत देतात. कधी विकायचं झालं तर डायल बदललेली आहे हे आधीच सांगा. आणि इथून पुढे घड्याळ टाकताना पावतीवर लिहून घ्या: 'डायल रंगवायची नाही, काढलेले सगळे भाग परत द्यायचे.'