सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला बस ठरवतोयस, तर हे आधी बघ

भाड्यावर घासाघीस नंतर कर रे भावा, आधी गाडी बघायला जा. केए २२ ची (बेळगावची) पाटी, पडदे, एसी बघून भुलू नकोस. फिटनेस, विमा आणि परमिट यांच्या तारखा स्वतःच्या डोळ्यांनी वाच. मग मागे जाऊन आपत्कालीन दार उघडायला लाव. मी एकदा लावलं, तर दारासमोर जादा सीट ठोकलेली! मालक म्हणतो, "कोण उघडतंय की ते?" मी इसार परत घेतला.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती. वाचले ते काच फोडून. म्हणून हातोडा काचेजवळ आहे का बघ, आणि मारायचा तो मधे नाही, कोपऱ्यात. अग्निशामकाचा काटा हिरव्यात हवा.

आणि आपल्या बायका पडलीच्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या, स्वयंपाकासाठी सिलिंडर डिकीत घालतात, ते अजिबात नको. शिव्या खा, पण उतरव. सुटायच्या आधी दार कुठं आहे ते सगळ्यांना दाखव, म्हाताऱ्यांना पुढं बसव.