गेममधलं कॅरेक्टर ठरत नाही म्हणून कुणी समुपदेशकाकडे येतं का?

येतं ना. फक्त येताना 'झोप लागत नाही' असं सांगतात आणि अर्ध्या तासाने कळतं की रात्री दोनपर्यंत नक्की काय चाललेलं असतं. हा मुलगा पुण्यातला, आयटीतला, पंचविशीचा (ओळख पटेल असं सगळं बदललंय, लिहू का हेही त्याला विचारलंय). ऑफिसातल्या एकाने त्याला रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक कॅरेक्टर होऊन गोष्ट रचायचा खेळ) ग्रुपात बोलावलं आणि याचं घोडं अडलं स्पीशीजवर, म्हणजे आपलं कॅरेक्टर कुठल्या वंशाचं यावर. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या नियमांच्या पुस्तकात, १० स्पीशीज आहेत, एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क, टीफलिंग वगैरे, आणि पठ्ठ्याने दहाहीची एक्सेल शीट केलेली, लाल-हिरवे रंग देऊन. ड्वॉर्फला विषाचा त्रास कमी, हाफलिंगला वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तर तो परत टाकता येतो, गोलायथ बहुतेकांपेक्षा जोरात धावतो, सगळं तोंडपाठ.

"यातलं बेस्ट कुठलं मॅडम?"

म्हटलं मला काय विचारतोस, तुला कोण व्हायचंय ते सांग. तर पटकन म्हणाला, नोम, त्या दहातलाच एक. तीन-चार फुटी बुटका, पण बार्बेरियन, म्हणजे ताकदीवर लढणारा रांगडा योद्धा, हातात स्वतःएवढी कुऱ्हाड. म्हणताना चेहरा खुलला आणि लगेच पडलासुद्धा, कारण शीटमध्ये नोम लाल होता.

लाल का, तर त्याने बघितलेले बरेचसे व्हिडिओ २०१४ च्या नियमांवरचे. तेव्हा नोमला बुद्धीचे २ पॉइंट जास्त मिळायचे, जे बार्बेरियनच्या काही कामाचे नाहीत, आणि छोट्या चणीच्याला जड शस्त्र नीट चालवता यायचं नाही. २०२४ मध्ये ते पॉइंट स्पीशीजवरून काढून बॅकग्राउंडवर (कॅरेक्टर आधी काय करायचं त्यावर) टाकले आणि जड शस्त्राला आता उंची नाही तर ताकद बघतात, किमान १३. हे मला त्यानेच समजावलं बरं का, मला कुठलं माहिती असायला! म्हणजे अडचण संपली होती हे त्याला स्वतःला माहीत होतं, तरी रंग तसाच.

मग माहिती कमी पडतेय असं म्हणण्यात अर्थच नव्हता. बारावीनंतर ब्रँच निवडतानाही हेच झालं होतं म्हणे. भीती त्या चार अनोळखी लोकांची होती, ते काय म्हणतील याची. अशा वेळी मी समजूत घालत बसत नाही, समजूत फार तर गेटपर्यंत टिकते. त्याला म्हटलं की काय होईल असं वाटतंय ते आधी लिहून काढ आणि खेळून आल्यावर शेजारी काय झालं ते लिही. त्याने लिहिलं, 'हसतील. एकजण तरी म्हणेल की ग्रुपचं वाटोळं केलं. परत बोलावणार नाहीत.'

हसले, ते खरं निघालं. नदी ओलांडताना याला खांद्यावर कोण घेणार यावरून अर्धा तास भांडणही झालं. पॉइंट किती हे कुणी विचारलं नाही आणि पुढच्या रविवारचं बोलावणं आलं. झोप मात्र लगेच सुधारली नाही, त्यावर अजून काम चालू आहे.

तुमचंही असंच अडलं असेल तर शीट उघडायच्या आधी डीएमला (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) दोन गोष्टी विचारा, टेबलावर पुस्तक २०१४ चं की २०२४ चं, आणि एक-दोन गेमनंतर कॅरेक्टर बदललं तर चालेल का. बहुतेक डीएम दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणतात.