दिव्यांग लेकीला स्वतःची आणि घरची कामं शिकवायचीत, सुरुवात कुठून करू?

ताई, अकरा वर्षांची म्हणजे उशीर वगैरे काही झालेला नाही, आमचं पोरही दिव्यांग, त्याला आम्ही चौदाव्या वर्षी शिकवायला घेतलं, आज विश्रामबागच्या घरी सकाळचा चहा तोच करतो (साखर जरा जास्तच पडते, पण पितो आम्ही गुमान).

आधी एकच काम निवडा. आंघोळ, कपडे, भांडी सगळं एकदम सुरू केलं की तीही वैतागते आणि तुम्हीपण, आम्ही हेच केलं होतं.

शेवटच्या पायरीपासून शिकवा. म्हणजे बघा, फ्रॉक तुम्हीच डोक्यातून घाला, हात घाला, पोटावर आणून ठेवा, फक्त खाली ओढायचं काम तिचं. ते जमलं की पुढच्या वेळी एक हात तिला घालू द्या, असं मागं मागं जायचं. काम दरवेळी तिच्याच हातानं संपतं ना, मग पोर खुलते की ओ!

चुका म्हणाल तर,
- शाळेच्या घाईत शिकवणं. रविवारी शिकवा, घाईच्या दिवशी सरळ तुम्हीच करा.
- आई एक पद्धत, आजी दुसरी. आमच्यात आजी मागनं गुपचूप बटणं लावून द्यायची, दोन महिने गेले त्यात.
- सारखं बोलत राहणं. एकदा सांगा, मनात दहा मोजा, मग हात लावा.

गॅस, पैसे, एसटीचा प्रवास हे आत्ता डोक्यात घेऊच नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर तेवढा अर्ज मात्र या आठवड्यात भरून टाका.